कूपनवरचं पाचवं नाव

१

मी नंदुरबारच्या कोर्टात बेलिफ आहे. समन्स बजावायचं हे माझं काम. मोटारसायकलवर गावोगाव फिरायचं, माणूस शोधायचा, त्याच्या हातात कागद ठेवायचा आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. माणूस सापडलाच नाही तर कागद दाराला चिकटवून दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. बावीस वर्षं हेच करतोय. कोणी कितीही रंगवून काही सांगितलं तरी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सही कुठाय?

हे मुद्दाम आधी सांगतो. पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, हा नवनीत बेलिफ कशावरही विश्वास ठेवणारा दिसतो.

मला वेड एकच, ‘फौजदार शिंगाडे’. पूर्वी आमच्या गावातून ‘दैनिक तापीरेषा’ नावाचं चार पानी वर्तमानपत्र निघायचं. त्याच्या शेवटच्या पानावर, मिरची-कापसाच्या भावांखाली, रोज चार चौकटींची ही चित्रकथा यायची. शिंगाड्यांच्या मिशा जाड, टोपी तिरकी, आणि ते गुन्हेगाराला कधी मारत नसत, फक्त प्रश्न विचारत. चोऱ्या, खून, बनावट मृत्युपत्रं, कोर्टातल्या उलटतपासण्या, सगळं त्या चार चौकटींत. माझे वडील रोजची पट्टी कापून वह्यांत खळीनं चिकटवायचे. अकरा वह्या झाल्या. वाचायला यायला लागलं तेव्हापासून मी त्या वाचतोय. कोर्टात नोकरी लागली तेव्हा मला शिंगाड्यांच्याच गावात बदली झाल्यासारखं वाटलं होतं.

पण शेवटचा खटला अपुरा राहिला. ‘मिरचीच्या वखारीतला खून’. वखारीचा मालक मिरचीच्या ढिगावर मरून पडलेला. संशयित चार: मुनीम, धाकटा भाऊ, डॉक्टर आणि टांगेवाला. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात शिंगाडे भर कोर्टात उभे राहिले आणि म्हणाले, "गुन्हेगार कोण, ते उद्या सांगतो." दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रच बंद पडलं.

वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, मुनीम. मी म्हणायचो, डॉक्टर.

मागच्या फेब्रुवारीत बांधाच्या एका दाव्याचं समन्स घेऊन रनाळ्याला गेलो. ज्याला द्यायचं तो शेतात गेला होता. शेजारच्या ओट्यावर धनुबाई नावाची ऐंशीच्या पुढची म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिनं बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं. पाणी पिता पिता नजर घरात गेली. आतल्या भिंतीवर काचेच्या चौकटीत शिंगाडे होते!

"हाई कोठून उनं, माय?" मी विचारलं.

"मन्हा मालकनी आनं व्हतं. गोकुळ नाव त्यास्नं. तापीरेषाना छापखान्यामा व्हतात. चित्रास्ना ठोकळा त्याच बनाडेत."

मी उठून काचेला नाक लागेपर्यंत त्या चौकटीपाशी वाकलो. म्हातारीला माझी गंमत वाटली असावी. ती उठली, माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तठे पोतं शे. पत्रं शेतस त्यामा. नि एक ठोकळा शे. लई जा. आते मन्हा काय कामना?"

पोत्यात शेकडो पाकिटं होती. आणि लाल कापडात गुंडाळलेला, लाकडावर ठोकलेला जस्ताचा ठोकळा. काळा पडलेला. कोपऱ्यातली तारीख मात्र उलट अक्षरांत अजून लागत होती. ती वर्तमानपत्राच्या शेवटच्या अंकानंतरच्या दिवसाची होती.

शेवटची पट्टी. कधीच न छापलेली.

समन्स बजावायचं राहिलंच. मी पोतं मोटारसायकलला बांधलं आणि नंदुरबारपर्यंत मोठ्यानं गाणी म्हणत आलो.

२

ठोकळा लगेच छापायचा नाही असं मी ठरवलं. जस्तावर पन्नास वर्षांची मेण चढल्यासारखी काळी साय होती, नीट साफ करायला हवी होती. आणि खरं सांगायचं तर मला घाई नव्हती. एवढी वर्षं वाट पाहिली, आता दोन-चार दिवस चाखत चाखत जाऊ द्यावेत असं वाटत होतं. आधी पत्रं.

रविवारी सकाळी मी आणि माझी मुलगी रुचिका पुढच्या खोलीत टेबलाशी बसलो. ती वीस वर्षांची, चित्रकलेची पदविका करते. बायको, ममता, म्हसावदला शिक्षिका आहे. ती शनिवारी आली तर येते, त्या आठवड्यात आली नव्हती. बाहेर मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडली की वाऱ्याबरोबर सगळं गाव खोकतं. आम्हीही खोकत होतो.

पाकिटांत कूपनं होती. शेवटच्या महिन्यात पट्टीखाली रोज एक कूपन छापलं जायचं: ‘वखारीतला खून कोणी केला? नाव लिहून पाठवा. बिनचूक उत्तराला मनगटी घड्याळ.’ वडिलांनी पट्ट्या कापताना कूपनं टाकून दिली होती. मी ती पहिल्यांदाच पाहत होतो.

"पप्पा, भारीच शे हाई!" रुचिका म्हणाली. तिनं चार ढीग केले. मुनीम, भाऊ, डॉक्टर, टांगेवाला. डॉक्टरचा ढीग वाढला की मी टाळी वाजवायचो. ती माझ्याकडे बघून हसायची.

दहा-पंधरा मिनिटांनी तिनं एक कूपन बाजूला ठेवलं. मग आणखी एक. मग तिसरं.

"हेमकांत कोन शे?" तिनं विचारलं.

"कोण हेमकांत?"

तिनं तिन्ही कूपनं माझ्यापुढे सरकवली. तिन्हींवर एकच उत्तर होतं. हेमकांत.

शिंगाड्यांच्या एक हजार एकशे किती तरी पट्ट्या मला जवळजवळ पाठ आहेत. त्यांत हेमकांत नावाचं कोणी नाही.

३

मी हसलो. कोणीतरी टवाळपणा केला असणार. शाळेतल्या मुलांनी, नाहीतर हेमकांत नावाच्या मित्राची खोडी काढायला कोणी. पण बेलिफाच्या सवयीनं मी पाकिटं उलटी केली. पहिल्यावर म्हसावदचा शिक्का होता. दुसऱ्यावर सारंगखेड्याचा. तिसरं रनाळ्याचं. एक अक्षर शाळामास्तराचं, वळणदार. दुसरं बाईचं असावं. तिसरं जेमतेम लिहिता येणाऱ्याचं, बोरूनं कोरल्यासारखं. ही तीन माणसं एकमेकांना कधी भेटलीही नसतील.

"तारखांनी लाव," मी म्हणालो.

दुपारपर्यंत आम्ही सगळी कूपनं तारखेनं लावली. जेवायचंही सुचलं नाही. पहिल्या आठवड्यात हेमकांत कुठंच नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तीन. तिसऱ्यात निम्म्याहून जास्त. शेवटच्या चार दिवसांच्या पाकिटांत दुसरं नावच नव्हतं.

काहींनी नावापुढे दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘हेमकांत. तो दाराजवळच उभा असतो.’ ‘हेमकांत. संपादक महाराज, त्याला आता आवरा, आमची लहान मुलं बघतात.’ एका कूपनावर फक्त नाव होतं, पण ते सात वेळा लिहिलेलं, शेवटच्या दोन वेळा कागद फाटेपर्यंत दाबून.

रुचिकाचे डोळे चमकत होते. "पप्पा, त्यास्ले चित्रमा कोनीतरी दिसनं! आपले दिसनं नही!"

तिचं म्हणणं मला पटलं, आणि अंगावर काटा आला तो आनंदाचाच होता. चित्रकारानं पाचवा संशयित चित्रात लपवला होता! तीस-चाळीस वर्षं मी त्या पट्ट्या पाहतोय आणि मला तो दिसला नाही. एका जागी मात्र विचार अडकला. चेहरा दिसू शकतो. नाव कसं दिसेल?

४

अकरावी वही काढली. भिंग घेतलं. विसाव्या पट्टीत वखार आहे. मुनीम चावी फिरवतोय, त्याच्या मागे दाराशी मिरचीची उभी पोती. ही पोती मी हजार वेळा पाहिली असतील.

डावीकडून तिसऱ्या पोत्याला कान होता.

भिंग सरकवलं. कानाखाली मान होती, किंचित खाली घातलेली. पाठमोरा माणूस. शाईच्या आडव्या रेघांत असा मिसळलेला, की पोतं म्हटलं तर पोतं, माणूस म्हटलं तर माणूस. पुढच्या पट्टीत तो डॉक्टरच्या दवाखान्यात पडद्याशी होता. त्याच्या पुढच्या पट्टीत टांग्याच्या मागे. कोर्टातल्या गर्दीत तर शोधावाही लागला नाही. कुठंच चेहरा नव्हता, फक्त पाठ. पण पट्टीगणिक तो थोडा थोडा वळत होता. पंचविसावीत कान आणि गाल. अठ्ठाविसावीत नाकाचा शेंडा.

आम्ही दोघं ओरडत होतो, एकमेकांच्या हातातलं भिंग ओढत होतो. शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं म्हणून.

मग रुचिकाला आठवलं. दिवाळीत तिनं या वहीचे फोटो मोबाईलवर काढून ठेवले होते. तिनं विसावी पट्टी उघडली, दोन बोटांनी मोठी केली. मी वहीवर भिंग धरलं, ती मोबाईल धरून शेजारी वाकली.

मोबाईलमध्ये पोतं होतं. कान नव्हता.

"फोटो धूसर शे," ती म्हणाली. आणखी मोठा करून परत म्हणाली, "धूसरच शे."

मी हो म्हणालो. फोटो धूसर असतात. दिवाळीत उजेड कमी असतो. तेवढ्यात आतल्या स्वयंपाकघरातून कोणीतरी खोकलं. एकदाच, घसा साफ केल्यासारखं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मी उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून आलो. मिरचीच्या दिवसांत रस्त्यावरचं खोकणं घरात ऐकू येतं. दरवर्षीच येतं.

५

संध्याकाळी रुचिकानं तिच्या इन्स्टाग्रामच्या पानावर शेवटच्या महिन्याच्या सगळ्या पट्ट्या टाकल्या आणि खाली लिहिलं, ‘पन्नास वर्षांपूर्वीचा खून. गुन्हेगार कोण? ओळखा!’ कूपनांबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नाही. तिला बघायचं होतं, लोकांना तो दिसतो का.

सोमवारी मी कोर्टात असताना तिचे फोनवर फोन. तीनशे उत्तरं, पाचशे, आठशे! पुण्याचे लोक, नागपूरचे, दुबईत नोकरी करणारा एक शहाद्याचा मुलगा. मुनीम, भाऊ, डॉक्टर. मला एवढा आनंद झाला होता, की शिरस्तेदारांनाही मी शिंगाड्यांची गोष्ट सांगितली. वडील असायला हवे होते, असं सारखं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला.

हेमकांत. हेमकांत. हेमकांत आहे ना हा? हेमकांत.

"तू कोणाला सांगितलंस?"

"कोनलेच नही. तुमनी आन."

त्या दिवशी मी रनाळ्याला गेलो. समन्स बजावायचं बाकी होतंच, सही घेतली, आणि धनुबाईच्या ओट्यावर बसलो. तिच्या शेंगा चालूच होत्या.

"माय, हेमकांत कोन शे?"

"माले काय माहीत, भाऊ. मन्हा मालक त्या पत्रं वाचेत नि गप बसी ऱ्हायेत. एक दिन म्हनेत, आज ताट तीन वाढ. मी विचारं, कोन येवाव शे? म्हनेत, कोनी नही. पन वाढ."

"मग?"

"मंग काय. वाढं मी. वरीसभर वाढं."

"कोणी जेवायचं का त्या ताटात?"

म्हातारीनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "मी चुलापासे ऱ्हाऊ. माले काय दिसी? पन ताट उष्टं ऱ्हाये." तिनं सुपातली टरफलं फुंकली. "शेवटला ठोकळा त्यास्नी छापा नही. मशीनवर चढाडा, नि परत काढी लिन्हा. त्यानंतर छापखान्यामा गयातच नही."

परत येताना मी गाणी म्हटली नाहीत. पण घाबरलो होतो असंही नाही. उलट डोकं विलक्षण तरतरीत झालं होतं. एखाद्या दाव्यात दोन्हीकडचे साक्षीदार काहीही बरळत असतात आणि मग मूळ दस्तऐवज समोर येतो, तसं. ठोकळा हा मूळ दस्तऐवज. त्यात काय कोरलंय ते कोणाच्या बघण्यावर अवलंबून नाही. जस्तात डॉक्टर असेल तर डॉक्टर. मुनीम असेल तर मुनीम. एकदा छापला की विषय संपला.

६

दुपारचे तीन वाजले होते. रुचिका घरीच होती. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. मी रस्त्याच्या दाराकडे तोंड करून बसलो, पाठीमागे स्वयंपाकघराचं दार. ती समोर. रॉकेलच्या बोळ्यानं जस्त घासलं. काळी साय सुटून रेघा चकाकायला लागल्या. शाईसाठी माझ्या पिशवीतलं अंगठे घ्यायचं पॅड वापरलं. ठोकळ्यावर शाई लावली, वर कोरा कागद ठेवला आणि लाटण्यानं हळूहळू दाबत नेलं. रुचिकानं कागदाची दोन टोकं धरली होती.

"उचलू?" तिनं विचारलं.

"उचल."

कागद सुटताना फर्रकन आवाज आला. तिनं तो उलटा करून माझ्याकडे वळवून ठेवला.

शिंगाडे! पन्नास वर्षं थांबलेले शिंगाडे, ओल्या जांभळ्या शाईत. पहिल्या चौकटीत ते कोर्टात उभे, बोट वर केलेलं. दुसऱ्या चौकटीत चारही संशयित ओळीनं, घाम फुटलेले. तिसऱ्या चौकटीत शिंगाड्यांचा चेहरा जवळून आणि वर फुगा: ‘महाराज, गुन्हेगार याच खोलीत आहे.’

मी मोठ्यानं हसलो. मला वाटतं मी टेबलावर हातही आपटला. मग चौथ्या चौकटीकडे पाहिलं.

आरोपीचा पिंजरा रिकामा होता. न्यायाधीश, वकील, चारही संशयित, गर्दीतली माणसं आणि शिंगाडे, सगळे कागदातून बाहेर बघत होते. पाठमोरा कोणीच नव्हता. मी एकेका चेहऱ्यावर भिंग फिरवलं. तो त्यांच्यात नव्हता. पहिल्यांदा वाटलं, ते माझ्याकडे बघतायत. पण नाही. नजरा थोड्या चुकत होत्या. सगळ्यांच्या सारख्याच. माझ्या डाव्या खांद्याच्या वरून, मागे.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

मी मान वर केली. रुचिका कागदाकडे बघत नव्हती. तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून मागे गेली होती. आणि ती हसत होती. पाहुणा आला की घरातली पोर हसते तसं.

"बठा ना काका," ती म्हणाली. "मी पानी लई येस."

ती उठली. स्वयंपाकघर माझ्या मागे होतं. टेबलाला वळसा घालून ती माझ्या डाव्या बाजूनं निघाली, तेव्हा मी तिचं मनगट धरलं. माझी मान वळेना. वळवायची नाही असं मी ठरवलं होतं की ती वळतच नव्हती, ते मला आजही सांगता येणार नाही.

"पप्पा, काय करी ऱ्हायनात? काकासनी..."

"चल."

"पन..."

"रुचिका, चल."

मी तिला ओढतच समोरच्या दारानं बाहेर काढलं. चपलाही घातल्या नाहीत. रस्त्यावर ऊन होतं, रिक्षा होत्या, एक माणूस कलिंगडं विकत होता. मोटारसायकलला किल्ली तशीच होती. मी ती चालू केली आणि म्हसावद येईपर्यंत आरशात पाहिलं नाही.

७

त्या संध्याकाळी रुचिकाला ती पोस्ट काढून टाकायला लावली. पंधराशेच्या वर उत्तरं झाली होती. मी वाचली नाहीत.

त्या घरात आम्ही परत राहिलो नाही. सामान आणायला मी दोन हमाल आणि शेजारच्या उदेसिंगभाऊंना घेऊन भर दुपारी गेलो. टेबलावर ठोकळा होता, लाटणं होतं. छापलेला कागद होता तसाच. मी तो पालथा घातला. पोतं, वह्या आणि ठोकळा उदेसिंगभाऊंनी माझ्या सांगण्यावरून त्याच खोलीत ठेवून कुलूप लावलं. आता म्हसावदला भाड्याची दोन खोल्यांची जागा आहे. मी रोज एसटीनं नंदुरबारला जाऊन येतो. ममताला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्हा बाप-लेकींनी उपाशीपोटी तीन दिवस रॉकेल आणि मिरचीच्या वासात काढले, दुसरं काय होणार. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिचं म्हणणं खरं असावं अशी माझीच इच्छा होती.

रुचिकाला मी कधी काही विचारलं नाही. तीही बोलली नाही. कॉलेजला जायची, चित्रं काढायची, हसायची. चार महिने गेले. मला वाटायला लागलं, टळलं.

मागच्या रविवारी ओट्यावर बसून आम्ही दोघं आंबे खात होतो. ती सहज म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी तुम्ही त्या काकास्नासंगे एक शब्द बोलनात नही. बरं नही दिसनं ते."

मी आंबा खाली ठेवला. "कसे होते ते?"

"साधाच व्हतात. तुम्हना वयना. पांढरा सदरा." तिनं बोटं चाटली. "हातमा कूपनसारखा कागद नि पेन्सिल व्हती. त्यास्नी मन्हं नाव विचारं."

"कधी?"

"तुम्ही भिंग लईसन बठेल व्हतात ना, तव्हयच. तुम्हना मांगेच उभा व्हतात. आयकं नही का तुम्ही?"

मी ऐकलं नव्हतं. मी फक्त पंखा ऐकला होता.

"मग?" मी विचारलं. "तू सांगितलंस?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी विचित्रच विचारलं होतं.

"मोठा मानूस नाव विचारस तर सांगनं पडस ना, पप्पा. त्यास्नी लिखी लिन्हं."